बेट असूनही मिडलब्यूर्तच्या भोवती समुद्र का नाही?

स्खोकलांडला बेट म्हणतात, तर त्यावरील मिडलब्यूर्त ही वाडी चहूबाजूंनी शेतांनी वेढलेली कशी, असे आपण विचारले आहे. मी तिथे गेलो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

स्खोकलांड हे नेदरलँड्समधील झाउडरझे या उथळ समुद्रातले सुमारे ४ किलोमीटर लांबीचे चिंचोळे बेट होते. मुळात ती दलदलीतील कुजक्या वनस्पतींची मऊ जमीन होती. लाटांनी शतकानुशतके तिचे लचके तोडले आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास हा तुकडा एकटा उरला. जमीन खचत असल्यामुळे लोकांनी भराव घालून उंचवटे रचले आणि त्यांवर घरे बांधली. उत्तरेला एमेलोर्ट, मध्ये मिडलब्यूर्त आणि दक्षिणेला झाउडर्ट अशा तीन वस्त्या राहिल्या. उत्तरेकडील लोक कॅथलिक, दक्षिणेकडील प्रोटेस्टंट. दोघांचेही पोट मासेमारीवर.

१८२५च्या वादळी भरतीत बेटावरील १३ जणांचा बळी गेला. मिडलब्यूर्तमध्ये १८३४ साली बांधलेले चर्च आजही उभे आहे, परंतु ज्यांच्यासाठी ते बांधले, त्यांना तिथे जेमतेम २५ वर्षे राहायला मिळाले. किनारा राखण्याचा खर्च आणि रहिवाशांचे दारिद्र्य, दोन्ही वाढतच गेल्यामुळे राजा तिसरा विल्यम याच्या आदेशाने १८५९ साली सुमारे ६५० लोकांना बेट सोडावे लागले आणि बहुतेक घरे पाडण्यात आली. या इतिहासात मला सर्वांत व्यथित करणारी गोष्ट हीच वाटते. त्यांपैकी अनेकजण काम्पेन शहरालगत जाऊन राहिले.

पुढे १९३२ साली आफस्लाउटडाइक या बांधाने झाउडरझेचे तोंड बंद झाले आणि तिचे गोड्या पाण्याचे सरोवर बनले. त्याचा ईशान्येकडील भाग बांधांनी वेगळा करून पाणी उपसण्यात आले आणि १९४२ साली नोर्डोस्टपोल्डर ही जमीन कोरडी झाली. स्खोकलांड आता तिच्यातच आहे. नव्या जमिनीवरील मुख्य शहराला एमेलोर्ट हेच नाव दिले गेले. १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले नेदरलँड्समधील पहिले स्थळ स्खोकलांडच होय. मिडलब्यूर्तच्या उंचवट्यावर आता संग्रहालय आहे.

पाणी हटल्यावर मात्र खालची मऊ जमीन सुकून खचू लागली, त्यामुळे बेटालगतच्या एका पट्ट्यात भूजलाची पातळी मुद्दाम उंच राखली जाते.