स्पिंडलचा वेग एस-कमांडप्रमाणे मिळत नसेल तर आधी हर्ट्झ बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: सीएनसी मशीनला अर्डुइनो उनोवर जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं फर्मवेअर), दीड किलोवॉटचा एअर-कूल्ड स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर), ह्युआनयांग व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) आणि मधे पीडब्ल्यूएमचे (उनोच्या चालू-बंद होणाऱ्या वेगाच्या सिग्नलचे) ०-१० व्होल्ट करून देणारे मॉड्यूल. सुरुवातीला वेगाची कमांड एस६००० द्या की एस२४०००, वेग एकच यायचा. $३० (जीआरबीएलमधली कमाल वेगाची सेटिंग) बदलल्यावर वेग कमीजास्त व्हायला लागला, पण डिस्प्ले ११५२० च्या वर जात नाही. शिवाय जॉब चालू असताना वेग मधेच पडतो. आणि आता पीडी००५ (व्हीएफडीमधली कमाल हर्ट्झची सेटिंग) वाढवून ८०० करायचा तुमचा विचार आहे.

तो विचार सोडा. हा दोन पोलचा स्पिंडल आहे. ४०० हर्ट्झला तो २४००० आरपीएमने फिरतो (१२० × ४०० ÷ २). ८०० हर्ट्झ म्हणजे ४८०००. त्या वेगासाठी ना त्याची बेअरिंग बनलेली असतात, ना कोलेटचा (टूल पकडणाऱ्या चिमट्याचा) नट, ना टूल. ही चूक खरोखर धोक्याची आहे.

मुळात ११५२० हा आकडाच सगळं सांगतो. हा व्हीएफडी आरपीएम मोजत नाही. चालू हर्ट्झला पीडी१४४ ने गुणून ५० ने भागतो आणि उत्तर दाखवतो. पीडी१४४ फॅक्टरी सेटिंगला १४४० राहिला असेल तर ४०० × १४४० ÷ ५० = ११५२०. म्हणजे तुमचा स्पिंडल जवळजवळ नक्कीच पूर्ण २४००० ने फिरतोय, फक्त डिस्प्ले अर्धवट सांगतोय. पीडी१४४ ला ३००० भरा (५० हर्ट्झला होणारे आरपीएम) आणि पीडी१४३ (पोलची संख्या) ला २ आहे ना ते बघा. लाकूड करपणं, अ‍ॅक्रिलिक वितळून टूलला चिकटणं असं काही होत असेल तर त्याचंही कारण इथेच असू शकतं: तुम्ही फीड (टूल पुढे सरकवायचा वेग) १२००० धरून काढला आणि टूल दुप्पट वेगाने घासत राहिलं.

म्हणून डिस्प्ले नेहमी हर्ट्झवर ठेवून तपासा. एस२४००० ला ४०० दिसले तर वेग बरोबर आहे. २०० च्या आसपास अडकले तर रोग वेगळा: व्हीएफडी ०-१० व्होल्टची वाट बघतोय आणि त्याला ५ व्होल्टच मिळतायत.

तेव्हा साखळी एका टोकापासून तपासू. टूल, कोलेट आणि नट काढून ठेवा. व्हीएफडीचं झाकण उघडायची वेळ आली तर मेन बंद केल्यावर निदान दहा मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि डिस्प्ले विझला म्हणजे तो उतरला असं नाही.

पहिला टप्पा जीआरबीएलचा. $$ (सगळ्या सेटिंग दाखवणारी कमांड) टाकून तीन ओळी बघा: $३०=२४०००, $३१=० (किमान वेग), $३२=०. $३० मुळात १००० असतो, त्यामुळे १००० च्या वरचा कुठलाही एस पूर्ण पीडब्ल्यूएम देतो. सुरुवातीला सगळे वेग सारखे यायचं कारण हेच. $३२ जर १ असेल तर तो लेझर मोड आहे. त्यात जी० (न कापता जलद सरकणं) आला की आउटपुट शून्य होतं, म्हणजे टूल उचललं की स्पिंडल मंदावणार आणि पुन्हा खाली जाताना अजून वेग घेत असणार. तुमचा "मधेच पडतो" हा प्रकार प्रत्येक उचलण्याच्या वेळी होत असेल तर दुसरीकडे शोधूच नका. आणि जीआरबीएलच्या स्टेटसमधे एफएसपुढे दिसणाऱ्या एसच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. तो दिलेला हुकूम आहे, मोजलेला वेग नव्हे.

दुसरा टप्पा व्होल्टेजचा. मल्टिमीटर डीसीवर ठेवा. पीडब्ल्यूएम उनोच्या डी११ पिनेवर येतो. जुन्या सीएनसी शिल्डवर (उनोवर बसणाऱ्या बोर्डवर) त्याच पिनेवर झेड लिमिटचं नाव छापलेलं असतं, स्पिंडल एनेबल लिहिलेल्या पिनेवर नव्हे. एम३ (स्पिंडल चालू) एस६०००, १२०००, १८०००, २४००० असं देत जा. डी११ वर साधारण १.२५, २.५, ३.७५ आणि ५ व्होल्ट यायला हवेत, मॉड्यूलच्या आउटपुटला २.५, ५, ७.५ आणि १०. डी११ बरोबर आणि मॉड्यूल चुकीचं असेल तर आधी त्याचा सप्लाय मोजा. १० व्होल्ट काढायला त्याला निदान १२ व्होल्ट लागतात, ५ वर चालवलं तर तेवढं निघणारच नाही. मग इनपुट ५ की २४ व्होल्ट हा जंपर बघा. हे दोन्ही ठीक असतील तरच एस१२००० वर ठेवून प्रीसेट (मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू) फिरवा आणि ५.० आणा. सप्लाय कमी असताना प्रीसेट फिरवत बसलात तर वरचा पट्टा कापला जातो आणि खालचे वेगही बिघडतात.

तिसरा टप्पा व्हीएफडीचा. मॉड्यूलचं आउटपुट व्हीएफडीच्या व्हीआय आणि एसीएम (अ‍ॅनालॉग इनपुट आणि त्याचं ग्राउंड) या टर्मिनलना, रन कमांड (फिरायला लागण्याचा सिग्नल) एफओआर आणि डीसीएमला. ग्राउंड एसीएमऐवजी डीसीएमला नेऊ नका. पीडी००१=१ (रन कमांड टर्मिनलवरून), पीडी००२=१ (वेग टर्मिनलवरून), पीडी०७०=० (०-१० व्होल्ट), पीडी०७२=४०० (१० व्होल्टला हर्ट्झ), पीडी०७३=० (० व्होल्टला हर्ट्झ). काही बोर्डांवर टर्मिनल पट्टीजवळ जंपर असतो, त्याची एक जागा पॅनेलच्या नॉबसाठी आणि दुसरी व्हीआयसाठी. तो नॉबकडे असेल तर बाहेरून कितीही व्होल्ट द्या, काही हलणार नाही. पीडी००५ आधी ४०० करा, मग पीडी००४ (पूर्ण व्होल्टेज ज्या हर्ट्झला मिळतं ते) ही ४००. पीडी००४ चुकून ५० वर राहिला तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज जातं आणि कमी वेगाला वाइंडिंग जळतं. पीडी१४१ (व्होल्टेज) आणि पीडी१४२ (करंट) स्पिंडलच्या प्लेटवरून भरा.

पीडी०११ (किमान हर्ट्झ) ला १२० ठेवा. म्हणजे ७२०० च्या खाली वेग जाणार नाही. एस६००० दिल्यावर १२० हर्ट्झच दिसले तर तो बिघाड नाही. एअर-कूल्ड स्पिंडलचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे कमी वेगात थंडावा मिळत नाही. ही मर्यादा काढू नका.

रन कमांडबद्दल एक: उनोवर डी१३ ही मुळात दिशेची पिन आहे, एम३ ला ती लो राहते. त्यावरून एफओआर आणि डीसीएम जोडणारा रिले चालवायचा तर कॉन्फिग फाइलमधे डी१३ ला एनेबल करणारा पर्याय उघडून जीआरबीएल पुन्हा कंपाइल करावं लागतं. रिले न उचलण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता वेग पडण्याचं. $३२ शून्य असूनही पडत असेल तर पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही ० करा, पॅनेलवरून ३०० हर्ट्झ लावा आणि तोच जॉब चालवा. हर्ट्झ स्थिर राहिले तर दोष सिग्नलच्या वायरीत. तिथे शील्डेड केबल वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि ती स्पिंडलच्या पॉवर केबलला समांतर बांधू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. पॅनेलवरूनही हर्ट्झ पडत असतील तर कटची खोली आणि व्हीएफडीचा करंट बघा. हर्ट्झ स्थिर पण आवाज किंचित खाली येतो, ती लोडखालची स्लिप (भार आल्यावर मोटरचं थोडं मागे पडणं) आहे. इंडक्शन मोटरमधे ती असणारच.

आणि प्रत्येक जॉबच्या सुरुवातीला एम३ नंतर जी४ पी५ (थांबायची कमांड) टाका, म्हणजे कापायच्या आधी स्पिंडल वेग घेईल. जीआरबीएलमधे पी सेकंदात असतो. पाचाऐवजी किती लागतील ते पीडी०१४ मधल्या अ‍ॅक्सेलरेशनच्या वेळेवरून ठरवा.