‘मॅक्रो’ लिहिलंय खरं, पण कुठल्या टोकाला?

दिवाळीच्या ऑर्डरी जवळ आल्या की लहान वस्तूंच्या फोटोंबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदा त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर आहेत: रोजच्या वापराची झूम लेन्स घ्यायचीय, तिनेच जवळचे, म्हणजे मॅक्रो, फोटोही निघाले पाहिजेत.

सावंतवाडीहून: लाखेची लाकडी फळं विकतो. सगळ्यात छोटा आंबा ४ सेंटीमीटरचा. कॅननचा क्रॉप (छोट्या) सेन्सरचा कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ एसटीएम आहे. मॅक्रो लेन्स घेऊ का?

नका घेऊ. तुमची ती किट लेन्स ५५ मिलिमीटरवर ०.३६ पट मॅग्निफिकेशन देते, म्हणजे सेन्सरवर वस्तूची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराच्या ०.३६ पट पडते. तुमच्या सेन्सरची रुंदी २२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळात जवळ गेलात तर साधारण ६ सेंटीमीटर रुंदीची जागा फ्रेमभर येते. तुमचा आंबा त्यात ऐसपैस बसतो. आता या लेन्समध्ये मॅक्रो नाही म्हणून दुकानदार नाक मुरडेल, तर मुरडू दे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत अडचण लेन्सची नाहीच. लाखेवर खिडकी दिसतेय, गजांसकट, आणि एका केळ्यावर तुमचा चेकचा शर्टसुद्धा. खिडकीला बटर पेपर लावा आणि लेन्सला सीपीएल (चमक कापणारा पोलरायझर) फिल्टर चढवून सावकाश फिरवत पाहा. लाख धातू नाही, त्यामुळे तिची चमक या फिल्टरने बरीच मरते. सगळी मात्र मारू नका. एक बारीक पांढरी रेघ राहिली नाही तर लाखेचं फळ मातीचं दिसतं. आणि अंगणात फोटो काढणं बंद करा. लाल माती आणि चिऱ्याची भिंत यांचा तांबूस उजेड पांढऱ्या कागदावर उतरतो, मग कितीही व्हाइट बॅलन्स करा, एक बाजू लालसर राहतेच.

रत्नागिरीहून: मुरंबा, आमसुलं, कोकम आगळ यांच्या बाटल्यांसाठी टॅमरॉनची जुनी ७०-३०० मॅक्रो स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

बाटल्यांसाठी तर अजिबात नको. दहा सेंटीमीटरच्या बरणीला मॅक्रो लागतच नाही. ५० ते ७० मिलिमीटरवर टेबलापासून थोडं मागे उभं राहून फोटो काढा.

त्या लेन्सवरचं ‘मॅक्रो’ खोटं नाही. १८० ते ३०० या पट्ट्यात बटण सरकवलं की ती ३०० वर निम्म्या आकारापर्यंत, म्हणजे १:२ जाते. पण तेव्हाही वस्तू सेन्सरपासून किमान ९५ सेंटीमीटरवर हवी, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) नाही, आणि ३०० वर ती मऊ पडते, फोटोला धार राहत नाही. माजघरात ट्रायपॉड मांडून ३०० वर बरणीचा फोटो काढायचा म्हटलं तर तुम्हाला मागच्या पडवीत जावं लागेल.

मालवणहून: नथी आणि चांदीची कर्णफुलं करते. सोनीचा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) कॅमेरा आहे. टॅमरॉन २८-७५ जी२ आणि सोनी ७०-२०० एफ/४ मॅक्रो यांत अडकलेय. किमतीत फार फरक आहे.

या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२८-७५ च्या खोक्यावर ‘किमान अंतर १८ सेंटीमीटर, १:२.७’ वाचून कोणीही खूश होईल. पण हे २८ च्या टोकाला, आणि अंतर मोजलेलं असतं सेन्सरपासून. त्यातून लेन्सची सुमारे १२ सेंटीमीटर लांबी आणि कॅमेऱ्याच्या आतला, सेन्सरपर्यंतचा २ सेंटीमीटरचा भाग वजा करा. काचेपुढे उरतात जेमतेम ४ सेंटीमीटर. एवढ्या जवळ नथ धरली की लेन्सची सावली तिच्यावरच पडते, पुढचे मोती बोराएवढे आणि मागचा आकडा मुगाएवढा दिसतो. गिऱ्हाईक हातात घेतं तेव्हा नथ तशी दिसत नाही, आणि पार्सल परत येतं.

२०२३ साली आलेली ७०-२०० एफ/४ मॅक्रो जी दुसरी आवृत्ती झूमच्या पूर्ण पट्ट्यात ०.५ पट देते. २०० ला वीतभर मोकळी जागा राहते, तिथे कागद धरा, आरसा धरा, उजेड वळवा. दागिन्यांचंच काम असेल तर माझं मत तिच्या पारड्यात. नुसत्या वेबसाइटसाठी एवढे पैसे घालवायचे नसतील, तर जुनी ९० किंवा १०० ची साधी मॅक्रो झूमपेक्षा स्वस्त आणि जास्त जवळ जाणारी. झूमचा आग्रह सोडता आला तर सोडाच.

आणि कुठलीही घेतलीत तरी लगेच टोकापर्यंत जवळ जाऊ नका. ०.५ पटीला एफ/११ वर (लेन्सचं छिद्र बरंच बारीक करून) फोकसमध्ये नीट दिसणारी खोली ४ मिलिमीटरच्या आसपास. नथ त्याहून जाड असते. पाव पटीपर्यंत मागे आलात तर तीच खोली तेरा-एक मिलिमीटर होते. मग ३ सेंटीमीटरच्या नथीला रुंदीत साडेबाराशे पिक्सेल येतात. फोटो कापून मोठा केला की ही खोली थोडी कमी भरते, तरी फायदा शिल्लक राहतो. एफ/२२ करून ही अडचण सोडवायला गेलात तर मोत्यांची धार जाते.

अलिबागहून: कॅननची ५५-२५० एसटीएम आहे. नवी लेन्स परवडत नाही.

मग दोन भिंगांची, प्लस दोन डायॉप्टरची क्लोज-अप लेन्स पुढे आटे फिरवून बसवा. २५० वर फोकस अनंतावर ठेवला की मॅग्निफिकेशन ०.५ पट मिळतं आणि वस्तू ५० सेंटीमीटरवर राहते. बाजारातली चार फिल्टरांची स्वस्त थप्पी घेऊ नका, ती कडेला रंग सांडते. एक्स्टेन्शन ट्यूबही (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लांब झूमवर फारशी कामाची नाही: २५ मिलिमीटरच्या ट्यूबने ५० च्या लेन्सला अर्धा पट वाढ मिळते, २५० ला दहावा हिस्सा.

गुहागरहून: पावसाळ्यात लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली तर चालेल का?

नाही. तांदळाची पूड फटींत जाते. मी स्वतः एका श्रावणात झूम लेन्स तिच्या चामडी पिशवीत कपाटात ठेवली, गौरी उठल्यावर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्याने काच पुसून दिली, पण कोटिंग गेलं ते गेलंच. मागेपुढे होणारी झूम दर फिरवणीला बाहेरची हवा आत ओढते, आणि आपल्याकडची जुलैची हवा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० मध्ये असावा. पुड्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कोरड्या करून परत टाका.