थकीत देणी आणि एसएफ-८६ वरील उत्तर

सप्रेम आशीर्वाद.

व्हर्जिनियातील कंपनीने देऊ केलेली नोकरी सिक्युरिटी क्लिअरन्सवर, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या अमेरिकी सरकारच्या परवानगीवर, अवलंबून आहे आणि तुझ्या दोन क्रेडिट कार्डांची थकबाकी कलेक्शन एजन्सीकडे गेली आहे; तेव्हा ती अर्जात दाखवावी की नाही, असे तू विचारले आहेस. दाखवावी, आणि तीही खातेनिहाय, रकमेसह.

क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ या अर्जाच्या २६व्या विभागात गेल्या सात वर्षांतील व्यवहार विचारले जातात. पैसे न भरल्यामुळे एखादे खाते बंद झाले का, एखादे देणे वसुलीसाठी एजन्सीकडे गेले का, १२० दिवसांहून अधिक काळ काही थकले होते किंवा आजही थकलेले आहे का, कराचे विवरणपत्र भरायचे राहिले का, असे प्रश्न तिथे एकापाठोपाठ येतात. तुझे उत्तर काहीही असले, तरी तपास करणारे क्रेडिट रिपोर्ट स्वतंत्रपणे मागवतातच. म्हणून तोच रिपोर्ट तू आधी मागवून शेजारी ठेव आणि मग अर्ज भर.

क्लिअरन्स द्यावा की नाही हे ठरवण्यासाठी २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांपैकी ‘एफ’ हा आर्थिक बाबींचा आणि ‘ई’ हा वैयक्तिक वर्तनाचा. ‘एफ’मागची भीती निराधार नाही. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स याने पैशांच्या ओढाताणीतून १९८५ मध्ये सोव्हिएत संघाला गुपिते विकायला सुरुवात केली आणि तो १९९४ मध्ये पकडला गेला. तरीही नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट यांमुळे चांगली माणसेही कर्जात सापडतात, हे त्याच निकषात मान्य केलेले आहे. मात्र अशा वेळी माणूस जबाबदारीने वागला का, हा पुढचा प्रश्न टळत नाही. तुझी नोकरी गेली होती हे खरे. पण दुसरी लागल्यानंतर तू एजन्सीला फोन केलास का, हप्ते बांधून घेतलेस का, भरलेल्या पैशांच्या पावत्या आहेत का, हे विचारले जाईल. हप्ता लहान असला तरी चालेल, तो नियमित हवा, आणि तो आजपासून सुरू व्हावा असे मला कळकळीने वाटते. सात वर्षांनी जुनी नोंद रिपोर्टमधून आपोआप गळते, पण तिला कोणी परतफेड मानत नाही.

लपवाछपवीची गोष्ट मात्र वेगळी आहे. थकबाकी ही परिस्थितीची असू शकते, पण जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर हे सर्वस्वी तुझेच असते. त्याने ‘ई’ निकष लागू होतो आणि संघराज्याच्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एगन खटल्यात म्हटले आहे, आणि शंका उरली तर निर्णय अर्जदाराच्या विरोधात जातो. अनवधानाने काही राहून गेलेच, तर अधिकाऱ्यांनी पुरावा समोर ठेवण्याआधी आपणहून दुरुस्त कर; अशा दुरुस्तीला निकषांत वजन आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आईबाबांना या कर्जाचा पत्ता नाही, असे तू लिहिलेस. आपल्या घरांतून देणे ही चारचौघांत बोलण्याची गोष्ट नसते, म्हणून तुझा संकोच मला पूर्ण समजतो; परंतु जे घरी कळू नये म्हणून माणूस धडपडतो, त्याच्याच बळावर दुसरा कोणी त्याला वाकवू शकतो, आणि ‘ई’ निकषात या धोक्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलाखतीत तपास अधिकारी “हे आणखी कोणाला माहीत आहे?” असे विचारू शकतो. त्याआधी या शनिवार-रविवारी घरी जाऊन बाबांना आकड्यासह सांग, आणि सोमवारी एजन्सीशी हप्ता ठरला की मला कळव. अर्जातील खुलाशाचा मजकूर आपण दोघे मिळून तपासू.

तुझा,
काका