नाकावरचा राग, कानातलं कारण

‘बाबा फौजेतून निवृत्त झाले तेव्हाही इतके चिडत नव्हते. महामारी सुरू झाल्यापासून औषधाच्या दुकानात भांडण, दवाखान्यात भांडण, फोनवर भांडण. आता तपासणीलाच जायचं नाही म्हणतात. बीपी आहे, शुगर आहे. काय करू?’ एका मुलीचा हा प्रश्न. कोविडच्या काळात माजी सैनिकांच्या घरून तो वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. त्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘लढाईचा ताण आहे, शांत राहायला शिकवा.’ काही घरांत ते खरंही असतं. पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासायची असते: माणसाला नीट ऐकू येतंय का?

या मुलीचे वडील, म्हणजे हे काका, ६७ वर्षांचे, सगळी नोकरी तोफखान्यात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) व्हिडिओवरच्या पहिल्या बैठकीत समोरच्या चेहऱ्याशी ते व्यवस्थित बोलले. मुलगी त्यांच्या मागून काही म्हणाली की मात्र एकतर उत्तरच नाही, नाहीतर ‘काय पुटपुटतेस?’ समुपदेशनात ‘राग का येतो’ असं विचारलं की माणूस भाषण देतो, म्हणून तसं न विचारता शेवटची तीन भांडणं क्रमानं सांगायला लावली. कोण काय बोललं, कुठं उभं होतं, ठिणगी नेमकी कुठल्या वाक्याला पडली. तिन्ही ठिकाणी समोरचा मास्कमध्ये, मध्ये काच आणि विषय कुठल्यातरी आकड्याचा.

सगळ्यात मोठं भांडण असं: रक्ततपासणीची वेळ सांगितली होती दहाची, काकांनी ऐकलं सहा. उपाशीपोटी बंद दारासमोर चार तास काढले आणि वर ऐकून घ्यावं लागलं, ‘दहाच सांगितलं होतं, तुम्हीच लक्ष देत नाही.’ आयुष्यभर वेळ पाळलेल्या माणसाला हे लागणारच.

तोफा-बंदुकांच्या आवाजानं आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. नुकसान आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक, उंच आवाजांच्या पट्ट्यात होतं. श्रवणतपासणीच्या आलेखात ४००० च्या आसपास खड्डा दिसतो. स्वर खालच्या पट्टीतले असल्यामुळे ते ऐकू येतात, पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं निसटतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत.’ त्यात मास्क नेमका वरचाच पट्टा दाबतो: साधा सर्जिकल मास्क ३-४ डेसिबल, एन-९५ जवळपास १२. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आणखी ६ डेसिबल जातात. आणि ओठ झाकले जातात. वर्षानुवर्षं हे लोक नकळत ओठ वाचून भागवत आलेले असतात; तो आधार एका दिवसात गेला. फोनची तऱ्हा आणखी वेगळी, साध्या कॉलवर ३४०० हर्ट्झच्या वरचं बहुतेक पोचतच नाही.

घरचे करतात ती चूक म्हणजे ओरडून बोलणं. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज लगेच असह्य होतो. (‘ओरडू नकोस’ म्हणणारा माणूस दोन मिनिटांपूर्वी ‘मोठ्यानं बोल’ म्हणाला होता, यात नाटक नसतं.) त्याऐवजी टीव्ही बंद करा, समोर या, नाव घेऊन लक्ष वेधा, जरा सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदला.

‘मला कमी ऐकू येतं’ असं कार्ड दाखवायला काकांनी साफ नकार दिला. फौजेतल्या वायरलेसची सवय मात्र कामी आली: ऐकलेलं परत म्हणायचं. ‘गुरुवार, एक-शून्य वाजता, उपाशीपोटी. बरोबर?’ आकडे सुटे म्हटले की सहा-दहाचा घोळ होत नाही. सोबत छोटी वही. ‘वेळ इथं लिहून द्या’ ही विनंती त्यांना अपमानाची वाटली नाही. फोनही कान बदलून पाहिला. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे बऱ्याचदा तोच जास्त बिघडतो. डॉक्टरांशी बोलणं शक्य तिथं व्हिडिओवर घेतलं.

राग चढलाच तर काउंटरवरचा हात काढून एक पाऊल मागे, चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच वेळा. मास्कमध्ये हे आधी कोंडल्यासारखं वाटतं, म्हणून घरी मास्क लावून, बसून सराव करायचा.

बीपी ते भांडून आल्याबरोबर मोजत आणि ‘गोळीचा उपयोग नाही’ म्हणत. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी. घरी ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे. गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

अशा कानात बऱ्याचदा शिट्टीसारखा आवाज येत राहतो. रात्रीच्या शांततेत ती शिट्टी वाढते आणि झोप मोडते. पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज ठेवला की ती कमी खुपते.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग घटतो. आणि ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणं आलं तर सरळ विचारायचं, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, परवान्याचं हत्यार आणि गोळ्यांचा साठा घराबाहेर हलवायचा, तातडीची मदत घ्यायची.

पुढे काकांना श्रवणयंत्र बसलं. सुरुवातीला भांड्यांचा आवाज टोचतो, स्वतःचा आवाज घुमतो आणि यंत्र ड्रॉवरमध्ये जातं. म्हणून रोज थोडा वेळ, शांत खोलीत, मग वेळ वाढवत न्यायचा. कानामागच्या यंत्रात मास्कची दोरी अडकते आणि मास्क काढताना यंत्र पडतं, तेव्हा डोक्यामागे बांधायचा मास्क बरा. तिसऱ्या आठवड्यात दुकानात पुन्हा एक भांडण झालं, पण तेव्हा रांगेत खरंच कुणीतरी मध्ये घुसलं होतं.