नौदलातील बदली आणि नातीची कॉलेजची फी

आपले जावई अमेरिकी नौदलात असून त्यांची कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोहून व्हर्जिनियातील नॉरफोकला बदली झाली आहे. नातीला व्हर्जिनियातील सरकारी विद्यापीठात स्थानिक, म्हणजे त्या राज्यातील रहिवाशांच्या कमी दराने फी लागेल का, असा आपला प्रश्न आहे. होय, लागेल, आणि त्यासाठी वर्षभर तेथे राहण्याची वाट पाहावी लागणार नाही.

१ जुलै २००९ पासून लागू असलेल्या संघीय तरतुदीनुसार, ३० दिवसांहून अधिक काळ सक्रिय सेवेत असलेल्या सैनिकाची कायम नेमणूक ज्या राज्यात आहे, तेथील सरकारी महाविद्यालयांना त्याच्याकडून, त्याच्या जोडीदाराकडून किंवा अवलंबून असलेल्या मुलांकडून परराज्याचा चढा दर आकारता येत नाही. सैनिकाचा अधिवास, म्हणजे कायद्याने मानलेले कायमचे घर, ज्या राज्यात आहे, तेथेही हीच सवलत मिळते. त्यामुळे जावयांनी अधिवास टेक्साससारख्या तिसऱ्याच राज्यात ठेवला असेल, तर नातीपुढे दोन राज्ये खुली राहतात. ही गोष्ट बऱ्याच कुटुंबांच्या ध्यानातच येत नाही.

पुढे पुन्हा बदली झाली तरी, नात तेथे शिकू लागलेली असेल आणि तिने शिक्षणात खंड पडू दिला नाही, तर तिचा दर बदलत नाही. मात्र, एखादे सत्र सोडण्यापूर्वी विद्यापीठाच्या कार्यालयात अवश्य विचारावे. बदलीच्या लेखी आदेशाची प्रत प्रवेशाच्या वेळीच जोडावी. खासगी महाविद्यालयांत बहुधा सर्वांना एकच दर असतो, त्यामुळे तेथे या तरतुदीचा उपयोग नाही.