मच्छरदाण्या वाटूनही आफ्रिकेत मलेरिया का हटत नाही? डास मच्छरदाणीवरच्या औषधाला दाद देत नाहीत, हे ठरवतात कसं?

दोन पावसाळे मी बुर्किना फासोत, बोबो-डिउलासो शहरातल्या एका प्रयोगशाळेत काढले. त्यामुळे यातलं थोडंफार डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आधी हे लक्षात घ्या, मलेरिया पसरवते ती म्हातारी मादी. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर परजीवी तिच्या पोटात वाढून लाळग्रंथीत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. त्याआत ती मेली तर तिच्यापासून कुणालाच धोका नाही. शिवाय दर दोन-तीन दिवसांनी तिला रक्त लागतं, म्हणजे तेवढ्यात तीन-चार वेळा तरी मच्छरदाणीशी गाठ पडणार. औषध लावलेल्या मच्छरदाणीचा सगळा हिशोब या दिवसांवर चालतो, आणि बरीच वर्षं तो उत्तम चालला.

घोळ असा, की इतकी वर्षं या जाळ्यांना एकाच घराण्यातलं औषध लावत आले, पायरेथ्रॉइड. आपल्या कॉइलमध्ये असतं त्याचंच भावंड. बोबोच्या आसपास कापसावरही तेच फवारतात. डासांना औषधाची ‘सवय होते’ म्हणतात ते खरं नाही. तगतात त्यांचीच पिल्लावळ उरते, इतकंच.

चाचणी अगदी साधी. भातखाचरांतून अळ्या आणायच्या, वाढवायच्या. ३ ते ५ दिवसांच्या, रक्ताला न शिवलेल्या वीस-पंचवीस माद्या तोंडाने ओढायच्या नळीने उचलून औषधी कागद लावलेल्या नळकांड्यात सोडायच्या. तासाभराने बाहेर, मग साखरपाण्याचा बोळा, आणि २४ तासांनी मोजणी. ९० टक्क्यांहून कमी मेल्या तर औषध हरलं म्हणायचं. तुलनेला ‘किसुमू’ नावाचा, प्रयोगशाळेत पोसलेला, औषधाला हळवा डासांचा वाण असतो. सकाळी पाहावं तर किसुमूवाल्या झाडून सगळ्या उताण्या, आणि खाचरातल्या माद्या मात्र नळकांड्याच्या भिंतीला खुशाल चिकटलेल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मी कागदच चुकीचा लावला.

पण जगलेली मादी रोग पसरवेलच असं नाही. ते वेगळं तपासावं लागतं. तिला परजीवी असलेलं रक्त पातळ पडद्यातून पाजायचं, आठवड्याने दोन सुयांनी तिचं तिळाएवढं पोट ओढून काढायचं आणि मर्क्युरोक्रोमने रंगवायचं. हो, लहानपणी गुडघ्याला लावायचो तेच लाल औषध! सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीच्या गोल गाठी दिसतात, त्या मोजायच्या. मान मोडते. निकालही सरळ नसतात. कधी प्रतिकारक मादीत लागण जास्त, तर कधी औषध चाटून गेल्याने उलट कमी.

आता उपाय. क्लोरफेनापिर हे दुसरं औषध जोडलेल्या जाळ्या आल्यात. गंमत म्हणजे, पायरेथ्रॉइड पचवायला डास जी विकरं (एन्झाइम) वापरतो, तीच क्लोरफेनापिरला विषारी बनवतात. टांझानियातल्या मिसुंग्वीत जाळ्या वाटल्यावर दोन वर्षांनी नुसत्या पायरेथ्रॉइडच्या जाळ्यांच्या वस्त्यांत ४६ टक्के मुलांत लागण होती, या जाळ्यांच्या वस्त्यांत २६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केली.

मला भीती वेगळ्याच डासाची वाटते. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी २०१२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला, पुढे इथिओपियात पोचला, आणि २०२२ मध्ये तिथल्या दिरे दावा शहरात मलेरियाची साथ आली. हा भातखाचरं शोधत बसत नाही, साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो, लोक झोपायच्या आधीही चावतो. तिथे जाळीपेक्षा टाकीचं झाकण कामाचं, आणि त्याबद्दल माझ्यापेक्षा मुंबई पालिकेचा शिडी घेऊन फिरणारा माणूस जास्त सांगेल.