दिवाळीच्या सुट्टीत मुलांसोबत कागदाचे सोपे प्राणी कसे बनवावेत? चांगलं टेम्पलेट कुठे मिळेल?

टेम्पलेट नकोच, हे आधी सांगते. सहा वर्षांच्या पोराला हत्तीच्या आउटलाइनची प्रिंट दिलीत की तो नुसता रेघेवरून कापत बसतो आणि रेघ चुकली की रडतो.

प्राण्यांसाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून किट आणायचीही गरज नाही, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणि मिठाईच्या बॉक्सची झाकणं उत्तम. घोटीव कागद दिसतो छान पण उभा राहत नाही. आयताकृती तुकडा मधोमध दुमडायचा, घडी वर ठेवायची, खालच्या उघड्या बाजूने कमानीसारखा तुकडा कापून टाकला की चार पाय तयार. डोकं वेगळं कापायचं आणि घडीला पुढे चीर देऊन त्यात खोचायचं. मान लांब केली की जिराफ, सोंड काढली की हत्ती, शिंगं लावली की बैल. जाड कागद घडीवर तडकतो, म्हणून आधी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलने दाबून रेघ ओढा आणि मग दुमडा.

आता माझ्या मनातलं. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगशेजारी दरवर्षी किल्ला होतो आणि माझे दीर त्याचे सर्वेसर्वा. दगड, विटा, पोती, लाल माती, वर अळीव पेरायचा, सगळं ते जीव ओतून करतात, त्याबद्दल वाद नाही. एका दिवाळीत माझ्या लेकीने आणि पुतण्याने मिळून प्राण्यांची फौजच तयार केली, जिराफ, दोन बैल, लोकरीच्या शेपटीची गाय, आणि सगळे नेऊन किल्ल्याच्या पायथ्याशी मांडले. दुसऱ्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक येणार होते. रात्री भाऊजींनी सगळे उचलून चपलांच्या स्टँडवर ठेवून दिले, मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, राजगडावर जिराफ कुठून आला?"

मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलते. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेला मावळा बुरुजापेक्षा उंच, गुहेतला वाघ किल्ल्याच्या दरवाजातून आत जाणार नाही एवढा, सिंहासनामागे एलईडीची माळ, हे सगळं चालतं, मग इतिहास फक्त जिराफ बघूनच का आठवतो? विकत आणलेलं चूक असलं तरी ठेवायचं आणि पोराच्या हातचं तेवढं लपवायचं, हे मला पटत नाही. परीक्षक काय म्हणाले ते मला आठवतही नाही, पण पुढच्या वर्षी मी कागद काढून बसले तर लेक म्हणाली, "आई, आपण विकतचेच आणूया, ते काका काढत नाहीत." तेवढं अजून लागतं मला.

म्हणून तुम्हालाही सांगते, पाय वाकडे झाले तर तुम्ही सरळ करू नका, पाहुणे येणार म्हणून तर अजिबातच नाही. इथे पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी काड्या, वर्तमानपत्रं, स्ट्रॉ असल्या टाकाऊ वस्तूंतून वर्षानुवर्षं खेळणी केली, २०१८ ला त्यांना पद्मश्रीही मिळाली, त्यांच्या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, आणि ती सगळी खेळणी मुलांनी हाताळून, मोडून बघायचीच आहेत. शोकेसमध्ये ठेवायला नाहीत. भाऊजींना मी हे तेव्हाही दाखवलं होतं, "ते वेगळं, हे वेगळं" म्हणाले. काय वेगळं ते अजून सांगितलेलं नाही.

अगदी पटकन काही हवं असेल तर मासा करा. कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी घ्या, एका टोकाजवळ वरून अर्ध्यापर्यंत आणि दुसऱ्या टोकाजवळ खालून अर्ध्यापर्यंत चीर द्या, चिरा एकमेकींत अडकवा आणि गॅलरीतून सोडा, गरगरत खाली जातो.

हो, आणि प्राणी किल्ल्यावर ठेवणार असाल तर अळिवाला पाणी मारल्यामुळे माती ओली असते, पाय लोळागोळा होतात. पायांवर मेणबत्ती घासा, नाहीतर पायाला आतून खराट्याची काडी चिकटवून ती मातीत रोवा. पणत्यांपासून लांबच ठेवा, कागद आहे शेवटी. आणि मूल अगदीच लहान असेल तर कात्री देऊ नका, हाताने फाडू दे, फाडलेल्या कडांची मेंढी कापलेल्या मेंढीपेक्षा जास्त लोकरीची दिसते.